बोटीवरून गाव कसे बघावे

सिएम रीपहून हो चि मिन्ह सिटीला विमानाने सव्वा तासात पोचता येते. तेच अंतर सात रात्रींत कापायचे असेल तर विमानभाड्याच्या कितीतरी पट पैसे भरावे लागतात, आणि जादा पैशांचा मोबदला म्हणून वाटेत गावे दाखवतात. कंबोडियातून व्हिएतनाममध्ये मेकाँगवरून उतरत जाणाऱ्या या जलपर्यटनाची अलीकडे पुण्या-ठाण्याकडे बरीच चौकशी होते. युरोप झाला आहे, गुडघे अजून चालतात आणि मुले फोनवरून ‘जाऊन या’ म्हणतात, अशा मंडळींच्या हाती काही शास्त्रशुद्ध असावे, म्हणून हा प्रपंच.

प्रथम मुहूर्त. माहितीपत्रकात बोट सिएम रीपहून सुटते. प्रत्यक्षात पावसाळ्याचे पाणी ओसरले की तोन्ले साप सरोवर इतके उथळ होते की मोठी बोट तिथवर येऊच शकत नाही. मग प्रवाशांना बसमध्ये घालून काही तासांवर, जिथे बोटीला पुरेसे पाणी आहे तिथे नेतात. जलपर्यटनाचा पहिला दिवस रस्त्यावर गेला म्हणून त्रागा करू नये. हे सगळे बारीक अक्षरांत छापलेले असते आणि आपण खाली सही केलेली असते. त्या सरोवराची करामत मात्र समजून घ्यावी. पावसाळ्यात मेकाँग इतकी फुगते की तिला येऊन मिळणारी तोन्ले साप नदी उलटी वाहू लागते आणि सरोवर चार-पाच पट पसरते. पाऊस सरला की नदी पुन्हा सरळ होते. या पालटाचा उत्सव नॉम पेन्हमध्ये कार्तिकी पौर्णिमेच्या सुमारास तीन दिवस चालतो, होड्यांच्या शर्यती लागतात; आपल्याकडे त्रिपुरी पौर्णिमेच्या दीपमाळा पेटतात त्याच दिवसांत. ही माहिती पहिल्याच जेवणाला, कोणी विचारायच्या आत सांगून टाकावी. दुसऱ्या दिवशी गाइड तीच सांगतो आणि आपला मुद्दा वाया जातो.

बोटीत पाय ठेवण्याआधी दोन दिवस अंगकोरचे. इथल्या पासावर आपला फोटो छापतात, आणि तो पासपोर्टवरच्या फोटोपेक्षाही वाईट येतो. एका दिवसाचा पास 37 डॉलरचा, तीन दिवसांचा 62 चा आणि सात दिवसांचा 72 चा. दोन दिवसांचा पासच नसल्याने तिसऱ्या दिवसाचे पैसे फुकट जातात. हे दुःख मनातच ठेवावे. पहाटे साडेचारला उठवून सूर्योदयाला नेतात. अंगकोर वाट पश्चिमाभिमुख असल्यामुळे सूर्य देवळाच्या मागून वर येतो आणि अवघे जग डावीकडच्या तळ्याकाठी फोन उंचावून उभे राहते. तो सूर्य समोरच्या माणसाच्या फोनच्या पडद्यावर बघायची पद्धत आहे.

मराठी प्रवाशाची खरी कसोटी भित्तिशिल्पांपाशी. बाराव्या शतकात दुसऱ्या सूर्यवर्मन राजाने बांधलेल्या या विष्णुमंदिराच्या पश्चिमेकडच्या भिंतीवर एका अंगाला कुरुक्षेत्र आहे, दुसऱ्या अंगाला लंकेचे युद्ध, आणि पूर्वेला समुद्रमंथन. गाइडने तोंड उघडले रे उघडले की आपल्यातला कोणीतरी ‘नो नो, आय विल टेल’ म्हणत पुढे सरसावतो. शरपंजरी पडलेले भीष्माचार्य ओळखण्याचा मान एकानेच घ्यावा, बाकीच्यांनी माना डोलवाव्यात. समुद्रमंथनापाशी मात्र जपून. वासुकीची शेपटी ओढणाऱ्या देवांच्या रांगेत अगदी टोकाला एक वानर उभा आहे. बरेच जण त्याला मारुती म्हणतात. ‘समुद्रमंथनात मारुती कसा?’ असे गाइडला दरडावून विचारू नये. ख्मेर शिल्पकाराला ही कथा आपल्याइतकीच घरची होती, आणि घरच्या कथेत हवे ते पात्र घुसवायला कोणाची परवानगी लागत नाही.

आता बोट. हिच्यावर सागवानी फळ्या असतात, केबिनच्या खिडकीबाहेर नदी असते आणि दारात स्वागत असते. गावातून परत आले की थंडगार ओला रुमाल, सरबताचा पेला आणि बूट काढून घेणारा मुलगा तयार. बूट तो धुऊन-पुसून केबिनबाहेर ठेवतो. गावची माती बोटीवर येत नाही. पहिल्या दिवशी याचा संकोच वाटतो. तिसऱ्या दिवशी टाचेकडचा चिखल तसाच राहिल्याबद्दल कुरबुर सुरू होते. ही प्रगती स्वाभाविक समजावी.

जेवणाबद्दल जास्त लिहीत नाही. चकल्या आणि लसणाची चटणी आपण नेणारच. शाकाहारी मंडळींनी एवढेच लक्षात ठेवावे, की या प्रदेशात मासळीचा रस्सा मीठ समजून घालतात, त्यामुळे ‘नो फिश’ म्हटल्यावर फक्त दिसणारा मासा काढला जातो. कोकणातल्या माणसांना प्राहोक, म्हणजे खारवून आंबवलेली मासळी, आपली वाटेल. ती ताटात आली की देशावरच्या मंडळींनी वाऱ्याच्या दिशेने बसावे. काम्पोंग चामच्या रस्त्यावर स्कुओन नावाचे गाव लागते, तिथे तळलेले मोठे केसाळ कोळी परातीत रचून ठेवतात. खायचे नसतील तर ‘आज चतुर्थी आहे’ म्हणावे. गाइडकडे आपले पंचांग नसते.

मुख्य विषय गाव. बोट गावाच्या काठाला लागते, फळी टाकतात आणि आपण नारिंगी जाकिटे घालून ओळीने चढ चढू लागतो. आपण वर पोचतो त्याच क्षणी हातमाग सुरू होतो. हा योगायोग आहे असे मानावे. कालच्या बोटीलाही तो याच वेळी सुरू झाला होता आणि उद्याच्याही होईल. त्यात लबाडी शोधू नये. गिऱ्हाईक दिसल्यावर कामाला लागणे याला आपल्याकडे धंदा म्हणतात आणि त्याचे कौतुक करतात. काम्पोंग छ्नांगजवळच्या कुंभारवाड्यात तर बघावे असे खरोखर काही आहे. तिथे चाक फिरत नाही, बाई फिरते. मातीचा गोळा उंच ठोकळ्यावर ठेवून ती त्याच्याभोवती मागे मागे चालत जाते आणि हातातल्या फळीने थोपटत मडके गोल करते. आपण पाच मिनिटे बघतो, टाळ्या वाजवतो, ‘किती कष्ट ना!’ म्हणतो आणि मडके फुटेल म्हणून विकत घेत नाही. निदान छोटी पणती घ्यावी. ती सदऱ्यात गुंडाळून सुखरूप येते.

तिथेच तरंगत्या घरांची वस्ती आहे. लहान होडीतून त्या पाण्याच्या गल्लीत फिरवतात. घराला भिंत नसल्यासारखीच असते. टीव्ही, झोळी, झोळीत बाळ, देव्हारा, भांडी घासणारी बाई, सगळे एका नजरेत येते. दादरला कोणी आपल्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून असे डोकावले तर सोसायटीची तातडीची सभा लागेल, पण इथे हात हलवला की चालते, असा समज आहे. पोरे हात हलवतात, आपणही हलवावा, खांदा दुखेपर्यंत. थोरांपैकी कोणी हलवत नाही हे टिपून ठेवावे, बोलून दाखवू नये. यातली बरीच कुटुंबे व्हिएतनामी वंशाची आहेत, पिढ्यान्‌पिढ्या इथे राहूनही अनेकांच्या हाती नागरिकत्वाचे कागद नाहीत, आणि गेल्या काही वर्षांत सरकारने पुष्कळांना पाण्यावरून उठवून काठावर नेऊन ठेवले आहे. हे माहितीपत्रकात नसते. तिथे ‘पारंपरिक जीवनशैली’ असते.

काम्पोंग त्रालाचची बैलगाडी हा या सहलीचा कळस. ज्याच्या आजोबांनी बैलगाडी सोडावी म्हणून बापाला शिकवले, आणि बापाने एसटी सोडावी म्हणून मुलाला शिकवले, तो मुलगा डॉलर मोजून पुन्हा बैलगाडीत बसतो आणि फोटो आजोबांच्या गावच्या ग्रुपवर टाकतो. गाडी लहान असते, मांडी घालून दोघे बसतात आणि मणक्यांची मोजदाद आपोआप होते. गाडीवाल्यांचे नंबर ठरलेले असतात, कोणाची पाळी चुकत नाही. गाडीवाल्याला ‘आमच्याकडेपण असतात’ हे खुणेने सांगायची फार इच्छा होते, सांगावे. तो हसतो. त्याला हे प्रत्येक देशाच्या माणसाने सांगितलेले आहे. बैलांची नावे विचारावीत आणि पोळ्याचा विषय काढावा, कारण इथे बैलाचा मान खरोखरच मोठा आहे. दरवर्षी मे महिन्यात राजाच्या नांगरणीच्या सोहळ्यात राजबैलांपुढे सात पात्रे मांडतात: भात, मका, तीळ, शेंगांचे दाणे, गवत, पाणी आणि दारू. बैल कशाला तोंड लावतात त्यावरून वर्षाचे भाकीत सांगतात. दारूकडे वळले तर लक्षण बरे नाही. तेवढे आपल्याकडेही जुळते.

उदोंगला भिक्षूंचा आशीर्वाद मिळतो. उदोंग ही 1618 पासून 1866 पर्यंत राजधानी होती, पण आदल्या संध्याकाळच्या सभेत याबद्दल कोणी काही विचारत नाही. पायऱ्या किती आणि स्वच्छतागृह कुठे, हे दोनच प्रश्न असतात. आत खांदे-गुडघे झाकून, पाय मागे वळवून बसायचे, तळवा बुद्धाकडे करायचा नाही, बायकांनी भिक्षूला स्पर्श करायचा नाही. पालीतले पठण सुरू होते आणि दहाव्या मिनिटाला सबंध ग्रुपच्या मनात एकच प्रार्थना असते: उठताना कोणीतरी हात द्यावा. जमिनीवरच्या पंगती मोडून बुफे आणल्याचा परिणाम या ठिकाणी दिसून येतो. मनगटाला लाल दोरा बांधतात. तो बोटीवर कापू नये, निदान बांधणारे दिसेनासे होईपर्यंत.

नॉम पेन्हमध्ये राजवाडा आहे, आणि चांदीच्या फरशांचा पॅगोडा आहे. फरशा पाच हजारांवर आहेत आणि त्यांतल्या बहुतेक गालिच्याखाली. त्याच दिवशी तुओल स्लेंगला नेतात. ती शाळा होती. ख्मेर रूजने 1975 ते 79 च्या काळात तिचा तुरुंग केला. वर्गांच्या भिंतींना कैद्यांचे फोटो लावले आहेत, एका माणसाचा एक, हजारोंनी, आणि त्यांतले बोटांवर मोजण्याइतकेच वाचले. इथे ही मार्गदर्शिका मिटून पिशवीत ठेवावी, फोनही ठेवावा. संध्याकाळी परत बोटीवर सूर्यास्ताचे कॉकटेल असते. हा क्रम ज्याने लावला त्याला बोटीवर गाठून विचारावेसे वाटते, पण तो कुठल्याशा दूरच्या शहरात ऑफिसात असतो.

सरहद्दीवर पासपोर्ट गोळा करतात आणि बोट नदीच्या मधोमध नांगर टाकून उभी राहते. काही घडत नाही. इथे योगासने, पत्ते किंवा ‘आपल्याकडे असते तर’ या विषयावरची चर्चा यांपैकी काहीही चालते. मग एक झेंडा उतरतो, दुसरा चढतो आणि पैशांचे गणित बदलते. कंबोडियात डॉलर चालत होता, फक्त नोटेला केसाएवढी चीर असली तरी भाजीवालीसुद्धा परत करत होती. व्हिएतनाममध्ये चाळीस डॉलर मोडले की दहा लाख डोंग हातात येतात. नवश्रीमंतीच्या भरात पाच लाखांना टोपी घेऊ नये.

खालच्या अंगाला नदी अंगावर येते. भाताच्या आणि विटांच्या बोटी, त्यांच्या नाळेवर रंगवलेले डोळे, आणि रेती उपसणारे ड्रेझर, एकामागून एक. रेतीवाले फोटोत येऊ नयेत म्हणून कॅमेरा जरा वर धरावा, म्हणजे फक्त नारळी येतात. वर लाओसमधले सायाबुरी धरण 2019 पासून चालू आहे, चीनमधली त्याच्याही आधीची, आणि खाली खारे पाणी शेतात शिरते आहे. तेही चौकटीत मावत नाही. काय बेचा तरंगता बाजार बघायला भल्या सकाळी उठावे लागते. पूर्वी तिथे शेकडो बोटी असायच्या. विकायचा माल बांबूला टांगतात: अननस असेल तर अननस, भोपळा असेल तर भोपळा. झावळी टांगली असेल तर बोटच विकाऊ. रस्ते आणि पूल झाले, माल ट्रकने जाऊ लागला, आणि आता उरलेल्या थोड्या बोटींभोवती बघ्यांच्या बोटींची गर्दी असते. अननसवाली एका फळाची साल काढता काढता आपल्याकडे अशा नजरेने बघते, की आपल्या बांबूला काय टांगले आहे ते वरखाली चाचपून पाहावेसे वाटते.

साडेकला मार्गरित द्युरासच्या कादंबरीतल्या प्रियकराचे घर आहे. कादंबरी कोणी वाचलेली नसते. आल्याची वडी आणि चहा मिळतो.

शेवटच्या संध्याकाळी पाकिटे वाटतात. ही बक्षिसीची पाकिटे. माहितीपत्रकात ‘ऐच्छिक’ लिहिलेले असते आणि दर माणशी दर दिवसाचा आकडाही दिलेला असतो. त्यावर कट्ट्यावर अर्धा तास खलबत होते. शेजारच्या टेबलावरच्यांनी किती टाकले हे पाकिटाच्या जाडीवरून कळत नाही, कारण दहा लाख डोंग दोन नोटांत मावतात. बूट धुणारा मुलगा या वेळी नेमका जवळपास फळी पुसत असतो. जास्त द्यावे.

त्या रात्री बॅगा केबिनच्या दाराबाहेर ठेवायला सांगतात. शिस्तप्रिय माणूस सगळे कपडे घडी करून भरतो, कुलूप लावतो, बॅग बाहेर ठेवतो आणि समाधानाने झोपतो. बॅगा पहाटेच ट्रकमध्ये चढतात. उद्याचे कपडे आणि चपला आधी बाहेर काढून ठेवाव्यात. पासपोर्ट तर काढावाच. नाही तर माय थोच्या धक्क्यावर चौकटीच्या पायजम्यात उतरावे लागते, आणि काठावर उभे असलेले लोक, ज्यांनी आठवडाभर एकदाही हात हलवलेला नसतो, ते फोन काढतात.