स्लाइड नंबर चार

सल्लागारसाहेबांनी चौथी स्लाइड लावली आणि आमच्यात चुळबुळ सुरू झाली. पडद्यावर काळ्या दगडाचं देखणं मंदिर होतं आणि खाली ठळक अक्षरांत ‘परभणीचा आध्यात्मिक ठेवा’. मागच्या रांगेतले मामा उठून उभे राहिले. मामा महसूल खात्यातले निवृत्त अव्वल कारकून. बोलण्याआधी हात वर करायची पद्धत त्यांनी नोकरीतही पाळली नव्हती.

“साहेब, हे औंढ्याचं नागनाथ हाय.”

“करेक्ट! बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक.”

“ते हिंगोलीला गेलं.”

साहेबांना कळेना. “गेलं म्हणजे? कधी?”

“एक मे नव्याण्णवला, हिंगोली जिल्हा येगळा झाला तवा. दप्तरं म्या सोताच्या हातानं बांधून दिली की ओ.”

साहेबांनी पाचवी स्लाइड लावली. त्यावर संत नामदेवांचं नरसी होतं. मामा बसलेच नव्हते. “हे बी त्याच गाडीत गेलं,” म्हणाले.

बैठक होती परभणीच्या ‘ब्रँडिंग’ची. पर्यटक यायचे तर शहराला आधी ओळख हवी आणि ओळख तयार करायला माणूस पुण्याहून हवा, असं कुणाच्या तरी मनानं घेतलं होतं. मी तिथं ‘स्थानिक साहित्यिक’ या सदरात होतो. या सदरातल्या माणसाला खुर्ची मिळते, माईक मिळत नाही. नाश्त्याला सुशीला होता. पुण्या-मुंबईचा पाहुणा सुशीला बघून ‘हे भिजवलेले मुरमुरे आहेत का?’ असं हमखास विचारतो. साहेबांनी काही न विचारता दोन प्लेटी संपवल्या. माझ्या ते तेव्हाच लक्षात यायला हवं होतं.

सहावी स्लाइड बोधचिन्हाची. निळी-केशरी वेलांटी. साहेबांच्या मते ती गोदावरी, कणीस आणि प्रगती असं तिन्ही मिळून होती. शेजारच्या गुरुजींना ती जिलबी वाटली. खाली घोषवाक्य : ‘परभणी – अनुभवा काही वेगळं!’ यातलं ‘परभणी’ काढून ‘बुलढाणा’ घातलं तरी एका अक्षराचंही नुकसान होणार नव्हतं.

आता घोषवाक्यांच्या बाबतीत परभणीला शिकवायला जाणं म्हणजे नागपूरला संत्री न्यायची. आमच्याकडं दोन आहेत, दोन्ही फुकटची. ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ आणि ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’. पहिल्याचा अर्थ लावत मराठवाड्याच्या दोन पिढ्या म्हाताऱ्या झाल्या. कुणी म्हणतं, कुठंच जमलं नाही तर या परभणीला. कुणी म्हणतं, इथं जमलं तर जमलं. दुसऱ्याचा तर अर्थच नाही. जर्मनीचं आणि आमचं नातं यमकापुरतं, आणि ते जर्मनीला कळवलेलंही नाही. पण कोल्हापूरच्या लॉजवर वहीत गाव लिहिलं की मॅनेजर मान वर करून ‘जगात जर्मनी’ म्हणतोच. आणखी किती ब्रँड पाहिजे?

हे मी साहेबांना सांगितलं. (माईक नव्हता, पण घसा होता.) त्यांनी ‘इंटरेस्टिंग’ म्हणून वहीत काहीतरी टिपलं आणि न्यूयॉर्कचं उदाहरण दिलं. ‘आय’, मग लाल बदाम, मग ‘एन वाय’. एका चिन्हानं शहराचं नशीब कसं पालटलं, वगैरे. रात्री घरी येऊन मी ते वाचून काढलं. सत्तरचं दशक, न्यूयॉर्क दिवाळखोरीच्या काठावर. मिल्टन ग्लेझर नावाच्या चित्रकारानं टॅक्सीत बसल्या बसल्या लाल खडूनं ते चिन्ह खरडलं आणि त्याचे पैसेही घेतले नाहीत. ग्लेझर न्यूयॉर्कचाच. मानधनाचा हा तपशील साहेबांच्या स्लाइडवर नव्हता.

परभणीचं नाव ज्यांनी ज्यांनी लांब नेलं, त्यांच्यापैकी कुणाच्याही डोक्यात पर्यटन नव्हतं. कृषी विद्यापीठानं भेंडीचं एक वाण काढलं, ‘परभणी क्रांती’. पिवळ्या शिरांच्या रोगाला दाद न देणारं. क्रांती म्हटल्यावर बाकीच्यांना फ्रान्स आठवतो, रशिया आठवतो. आमची क्रांती भाजीत झाली आणि बियाण्याच्या पाकिटावर बसून परराज्यात गेली.

आणि पाथरी! साईबाबा पाथरीचे, असं पाथरीकर पूर्वीपासून सांगत होते. ऐकत कुणी नव्हतं. जानेवारी 2020 मध्ये तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी साईंच्या जन्मस्थळाच्या विकासासाठी शंभर कोटी जाहीर केले, आणि शिर्डी खवळली. 19 जानेवारीला शिर्डी बंद! मंदिर तेवढं उघडं. दिल्लीच्या वाहिन्या ‘पाथरी’ नीट उच्चारायला शिकल्या. आमच्या एका तालुक्याच्या जाहिरातीसाठी शिर्डीच्या दुकानदारांनी स्वतःचा रविवारचा गल्ला सोडला. असला सल्लागार पैसे मोजून मिळायचा नाही. पुढं वाद शमवण्यात ‘जन्मस्थळ’ हा शब्द बाजूला पडला, पण गाव माहीत झालं ते झालंच.

खरी गंमत अशी की, परभणीहून माणसं जातात. जनाबाई गंगाखेडची, ती लहानपणी पंढरपूरला गेली. नागनाथ हिंगोलीला गेला, पोरं पुण्याला गेली. जाणाऱ्यांचा जिल्हा येणाऱ्यांसाठी सजवायचा, हे काम अवघड खरंच.

वालूरची बारव मात्र जागची हलली नाही. सेलू तालुक्यातलं हे गाव. गोल फिरत खाली उतरणाऱ्या पायऱ्यांची विहीर गाळानं बुजून गेली होती. गावकऱ्यांनी टोपली-फावडी घेऊन गाळ उपसला. पुढं टपाल खात्यानं महाराष्ट्रातल्या बारवांची चित्रकार्डं काढली, त्यांत वालूरची बारव झळकली. साहेबांच्या बेचाळीस स्लाइडींत ती नव्हती, म्हणून दुपारी आम्ही त्यांना तिकडं न्यायचं ठरवलं.

वाटेत मामांच्या भाच्याचं शेत लागतं. जानेवारीचे दिवस, आगटी पेटलेलीच होती. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणसं खुपसायची, काढायची आणि गरम असतानाच तळहातांवर चोळायची. यात उशीर चालत नाही. कणीस गार झालं की दाणा सुटत नाही. गूळभेंडीचा हिरवागार हुरडा, तिळाची चटणी, दही. साहेबांनी बाह्या दुमडल्या. आम्ही एकमेकांकडं बघून हसलो, आता पुण्याचा तळहात भाजणार म्हणून. साहेबांनी कणीस उचललं, दोन तळव्यांत धरून गर्रकन फिरवलं, फुंकर मारून कुसं उडवली. एक दाणा खाली सांडला नाही. चोळण्याचा हा हात पुण्यात तयार होत नाही.

“लई कोवळा निघाला की ओ,” साहेब म्हणाले आणि जीभ चावून गप्प बसले.

मामा सरसावून बसले. “कुठलं गाव म्हणायचं तुमचं?”

“पुणे.”

“त्याच्या आधी?”

साहेबांनी आगटीतलं दुसरं कणीस ओढलं. “मानवत,” ते म्हणाले. “दहावीपर्यंत.”

“मंग नागनाथ हिंगोलीला गेल्यालं तुमाला कामून माहीत नाही?”

“त्याच्या आधीच गेलो होतो मी.”

मामांनी त्यांच्यापुढं चटणीची वाटी सरकवली. वालूरला पोचेस्तोवर अंधार पडला.