कंपनी देणारे काका

काका घेत नाहीत, फक्त कंपनी देतात. असे एक काका प्रत्येक कंपूत असतातच. चखण्याची बशी त्यांच्यासमोरून हलत नाही आणि बिलाची वाटणी सुरू झाली की त्यांना फोन येतो. पाकिटात मात्र मद्यसेवनाचा आजीवन परवाना असतो. विचारलंत तर घडी उलगडून दाखवतील : १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली सरकारनेच दिलाय, आरोग्य टिकवण्यासाठी! सरकारचा शब्द मोडायचा कसा?

'घेणं' कशाला म्हणायचं, याबाबत काका काटेकोर आहेत. व्हिस्की म्हणजे घेणं. बिअर मूतखड्यावर उतारा, ब्रँडी सर्दीवर आणि वाइन म्हणजे नाशिकच्या शेतकऱ्याला हातभार. राहता राहिली जिन. लंडनला लेकीकडे गेल्यावर तिचीही सोय लागली.

जावयाने हौसेने सोहोतल्या बारमध्ये नेलं आणि सासऱ्यासमोर संकोचून स्वतःसाठी साधं पाणी मागवलं. ''बाबा, तुम्हाला ऑरेंज ज्यूस?'' काकांनी मेन्यू हातभर लांब धरला. ''हे ब्रॅम्बल काय प्रकरण आहे?''

जावयाने माहिती पुरवली. डिक ब्रॅडसेल नावाच्या बारटेंडरने १९८० च्या दशकात इथेच, सोहोतल्या फ्रेड्स क्लबमध्ये हे कॉकटेल बनवलं. त्याचं लहानपण आइल ऑफ वाइट बेटावर गेलं. तिथल्या काटेरी जाळ्यांतून ब्लॅकबेरी वेचल्याची आठवण त्यात उतरली.

''काटेरी जाळी, काळं फळ... अरे, मग करवंदंच की ही! मागव.''

ग्लास आला. ठेचलेल्या बर्फाचा ढीग, त्यात जिन, लिंबाचा रस, साखरेचा पाक. वरून सोडलेली ब्लॅकबेरीची लिकर बर्फातून जांभळ्या रेघा ओढत तळाशी निघाली होती. माथ्यावरची ब्लॅकबेरी काकांनी आधी तोंडात टाकली. फळ वाया जाऊ नये. मग स्ट्रॉने एक घोट. आधी आंबट, मग गोड, आणि मागाहून घशात हलकीशी ऊब. काकांनी डोळे मिटले.

''सी व्हिटॅमिन आहे.''

''बाबा, पन्नास मिलीलिटर जिनसुद्धा आहे.''

''जिनला वास कशाचा?''

''ज्युनिपर बेरीचा.''

''तेही फळच ना?''

जावयाने शेवटचं अस्त्र काढलं. २९ सप्टेंबरला सेंट मायकेलचा सण झाला की सैतान ब्लॅकबेरीवर थुंकतो, त्यानंतर ती खाऊ नये, अशी इथे जुनी समजूत आहे.

''आत्ता ऑगस्ट चाललाय,'' काका म्हणाले. ''मुदतीच्या आत अजून एक होऊन जाऊ दे.''

रात्री काकूंनी हळूच विचारलं, ''काय हो, जावईबापू घेतात का?''

''छे! दोन तास नुसतं पाणी. पोरगा सज्जन आहे गं, पण बसायला काही मजा नाही.''