चालतंय ना, मग राहू द्या!

४ जून १९९६ला फ्रेंच गयानातल्या कुरूहून एरियन-५ रॉकेट उडालं आणि सुमारे ४० सेकंदांत त्याचे तुकडे झाले. दिशा सांगणारं सॉफ्टवेअर एरियन-४कडून वारसाहक्कानं आलेलं. जुन्या रॉकेटचा आडवा वेग कमी, त्यामुळे एक आकडा १६ बिटांत मावायचा, नव्याचा मावेना आणि संगणक बंद पडला. राखीव संगणक होता की! पण त्यातही तेच सॉफ्टवेअर, म्हणून तो आधीच गार पडला. वर कहर म्हणजे, नडलेल्या त्या गणिताची उड्डाणानंतर एरियन-५ला गरजच नव्हती. चालतंय ते कशाला बदला, म्हणून ठेवलेलं. तो आकडा मावला नाही तर काय, याची सोय का केली नाही, याचं कारण कागदपत्रांच्या ढिगात गडप. तेव्हा तुमच्या ऑफिसात कुणी नोटीस पीरियडवर असेल, तर केक कापण्याआधी त्याला त्याच्या निर्णयांमागची कारणं तेवढी विचारून घ्या.