यवनांच्या गावी पाच बोटं

वऱ्हाडातल्या इंझोरीच्या माणसाला कोणी उन्हाची भीती घालू नये. माझ्या वडिलांनी भर मे महिन्यात शेतातल्या पऱ्हाट्या उपटल्या आहेत, अकोल्याला 45 अंशांत वरातीपुढं नाचले आहेत. त्यांना अथेन्सच्या ॲक्रॉपोलिसच्या फाटकावरच्या बाईंनी मोठ्या अदबीनं सांगितलं, की आज 40 अंश आहे, सबब बारा ते पाच गड बंद.

बाबांनी आधी माझ्याकडं पाहिलं, मग आभाळाकडं. “चाळीसच? आन् बंद? आपल्याकडं इतल्यात त लोकं स्वेटर काढते!”

त्या बाईंचा दोष नव्हता. 2023 आणि 2024 च्या उन्हाळ्यातही सरकारनं लाटेच्या दिवसांत गड असाच दुपारचा बंद ठेवला होता. आम्ही खालूनच मान वर करून पार्थेनॉन पाहिलं. इ.स.पू. 447 मध्ये बांधायला घेतलेलं हे देऊळ 1687 पर्यंत बऱ्यापैकी धड होतं. तुर्कांनी आत दारूगोळा साठवला आणि वेढा घालून बसलेल्या व्हेनिसवाल्यांचा तोफगोळा नेमका त्यावर पडला. “देवळात दारू ठेवल्यावर दुसरं काय होनार?” असं बाबा म्हणाले. गावातल्या कुठल्या तरी जुन्या प्रकरणावर ते घसरतील म्हणून मी घाईनं सांगितलं, की 1975 पासून इथं पद्धतशीर दुरुस्ती चालू आहे. त्यावर त्यांनी एवढंच विचारलं, “कंत्राटदार कोन हाय?”

तसे आम्ही या ग्रीक लोकांचे देणेकरीच. दोन हजार वर्षांपूर्वी स्वतःला यवन, म्हणजे ग्रीक, म्हणवणारी मंडळी कार्ल्याच्या लेण्यात येऊन खांब दान करून गेली आणि खांबावर आपली नावंही कोरून गेली. देवळातल्या पंख्याच्या पात्यावर देणगीदाराचं नाव रंगवणाऱ्या आपल्या गावांनी हे पूर्वज मानायला हरकत नाही. परतभेट तेवढी राहिली होती.

सकाळी संसदेपुढचे पहारेकरी पाहून झाले होते. तासभर पुतळ्यासारखे उभे, पायांत गोंडेदार खिळ्यांचे जोडे आणि कमरेला 400 चुण्यांचा पांढराशुभ्र घागरा. तुर्कांच्या अमलाची 400 वर्षं म्हणून 400 चुण्या, असं सांगतात. आईला इतिहासाशी कर्तव्य नव्हतं. तिचा प्रश्न, “हे इस्तरी कोन करते?” तो तिनं दिवसभरात ज्याला-त्याला विचारला, माझ्यामार्फत.

गड बंद म्हणून प्लाका भागातल्या एका कॉफीच्या दुकानाबाहेर, झाडाखाली टेकलो. आम्ही पाच जणं. बाबांनी वेटरला हाक मारली आणि पाणी आणायला सांगताना पंजा पुढं करून पाची बोटं ताणून दाखवली. वेटरचा चेहरा पडला. शेजारच्या टेबलावरचे म्हातारे सोंगट्या खेळायचे थांबले. ग्रीसमध्ये असा उघडा पंजा तोंडासमोर धरणं म्हणजे सणसणीत शिवी. बायझंटाइन काळी गुन्हेगाराची गाढवावरून धिंड काढायचे आणि त्याच्या तोंडाला राख-काजळी फासायचे, ती या पंजानं, अशी त्याची कथा सांगतात. मी वेटरची क्षमा मागून बाबांना हे समजावलं. बाबा ओशाळतील अशी माझी अपेक्षा होती. ते उलट खूश झाले. “म्हंजे तोंडाले काळं फासाची चाल इकडंबी हाय!”

मग ते थेट त्या म्हाताऱ्यांच्या टेबलावर जाऊन बसले. एकाच्या हातात माळ फिरत होती. कोणत्या देवाचा जप, असं बाबांनी खुणेनं विचारलं. देवाचा नाही, वेळ जावा म्हणून. इथं पुरुष उगाचच ती फिरवत असतात. बाबांना हे फारच पटलं. आयुष्यभर त्यांनी हेच केलं, फक्त माळेशिवाय. त्यांच्यासाठी गोड कॉफी आली. ती त्यांनी बशीत ओतून फुर्र करून प्यायली, तळाचा गाळही सोडला नाही. ग्रीक माणूस तो गाळ कपातच ठेवतो. पैसे म्हाताऱ्यांनी दिले, आम्हाला देऊ दिले नाहीत. समान भाषा एका शब्दाचीही नव्हती, तरी दीड तास गप्पा झाल्या. पावसावर झाल्या असाव्यात, कारण दोन्ही बाजू अधूनमधून आभाळाकडं हात करत होत्या.

इकडं एक आजीबाई माझ्या लेकीचे गाल कुस्करून तिच्या दिशेनं “फ्तू, फ्तू, फ्तू” करू लागल्या. बायको दचकली. कौतुक केल्यावर दृष्ट लागू नये म्हणून हे थुंकल्यासारखं करणं असतं, असं मी सांगणार, तोवर आईनं उठून त्याच नातीवरून हात ओवाळले आणि स्वतःच्या कानशिलांवर कडकड बोटं मोडली. ग्रीक आजी पाहतच राहिल्या. मग त्यांनी शिकून घेतलं. “पाह्य, इले समजते,” आई मला म्हणाली. मला समजत नाही, हे त्यात आलंच.

जेवण तीनला. न मागितलेल्या पावाचे पैसे बिलात आले आणि न मागितलेलं कलिंगड फुकट आलं. बाबांनी दोन्हींकडं सारख्याच संशयानं पाहिलं. दुपारच्या त्या वेळी गल्लीत आवाज करू नये असा तिथला रिवाज आहे, बरीच दुकानंही मिटतात. पाच वाजता गड उघडला तेव्हा बाबा खोलीत घोरत होते. त्या दिवशी ॲक्रॉपोलिस राहिलं ते राहिलंच.

तुम्ही जाणार असाल तर तिकीट वेळेचं असतं, ते सकाळचं आणि आधीच काढून ठेवा. आणि वऱ्हाडातले वडील सोबत असतील, तर पाण्याच्या पाच बाटल्या आधी तीन, मग दोन अशा दोन खेपांत मागवा.