घर ओतायचं ते कारखान्यात

कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल या पट्ट्यात ओतलेली कास्टिंग देशभरातल्या गाड्यांत आणि ट्रॅक्टरांत बसतात. पॅटर्न एकदा नेटका जमला की हजारावा नगही पहिल्यासारखाच निघतो. जो तसा निघत नाही तो रिजेक्ट होतो, गेटबाहेर पडत नाही. अशा गावात घर मात्र आजही उघड्यावर, अंदाजपंचे बांधलं जातं. वळीव आला, स्लॅब लांबला. सेंट्रिंगवाला दुसऱ्या साइटवर गेला, काम अडलं. काँक्रीटमध्ये पाणी किती घालायचं ते मिक्सरवरचा माणूस ठरवतो. चूक सापडते ती वास्तुशांतीनंतर, छत गळायला लागल्यावर.

कोल्हापूरनं हे आता चालवून घेऊ नये.

दोष गवंड्याच्या हातात नाही, कामाच्या रीतीत आहे. मॅकिन्झी या सल्लागार कंपनीच्या 2017 च्या अहवालानुसार आधीच्या 20 वर्षांत जगभरात बांधकामाची उत्पादकता वर्षाला सरासरी 1 टक्क्यानं वाढली, कारखानदारीची 3.6 टक्क्यांनी. कारखान्यात छप्पर असतं, साचा असतो, तपासणी असते. साइटवर पाया खोदला जात असताना कारखान्यात भिंती, जिने आणि स्लॅब ओतून होतात. वाफेवर क्युरिंग केलं की भाग लवकर उचलता येतो. मग ट्रेलर, क्रेन आणि जोडणी.

हे आपल्याच राज्यात घडलंय. नवी मुंबईत बामणडोंगरीला सिडकोनं 2022 मध्ये 12 मजल्यांची, 96 घरांची इमारत 96 दिवसांत उभी केली. सगळा भर प्रीकास्टवर, म्हणजे कारखान्यात ओतून आणलेल्या भागांवर होता. आपल्याकडेही शेताला तयार कंपाउंड आणि दाराला सिमेंटची चौकट लोक कधीपासून बसवतायत. चौकट चालते, तर जिना का चालू नये?

सांध्यात मात्र तडजोड नको. लंडनमध्ये 16 मे 1968 रोजी रोनन पॉइंट या 22 मजली इमारतीत एका स्वयंपाकघरात गॅसचा स्फोट झाला. भिंतीचं एक पॅनेल निखळलं, त्यामागोमाग इमारतीचा अख्खा कोपरा कोसळला, चार जण मेले. पॅनेल शाबूत होती, सांधे दुबळे होते. कोयनेचा 1967 चा भूकंप पाहिलेल्या मुलखाला हे वेगळं सांगायला नको. आयएस 15916 हे भारतीय मानक प्रीकास्ट बांधकामासाठीच आहे. त्याप्रमाणे आराखडा आणि प्रत्येक सांध्याची नोंद नसेल, तर कामाला परवानगीच देऊ नये.

हे सगळीकडे जमणार नाही, हेही खरं. मंगळवार पेठेच्या बोळात ट्रेलर वळत नाही. साच्यांचा खर्च एका बंगल्यावर निघत नाही, तो शेकडो सारख्या घरांवर निघतो. म्हणून एकट्यादुकट्या बिल्डरकडे बोट दाखवून उपयोग नाही. सारखी घरं, सारख्या शाळाखोल्या, सारख्या अंगणवाड्या सरकार बांधतं. पहिली ऑर्डर सरकारचीच हवी.

कराचाही गुंता आहे. प्रीकास्ट भाग कारखान्यातून निघताना त्यावर 18 टक्के जीएसटी लागतो. बांधकाम चालू असलेल्या घरांवर 2019 पासून 1 आणि 5 टक्क्यांचे दर आहेत, पण त्यात बिल्डरला इनपुट क्रेडिट मिळत नाही. तो कर शेवटी घराच्या किमतीत चढतो. रोजंदारीवर जागेवरच भिंत बांधली तर तेवढ्या मजुरीला हा कर लागत नाही. नीट पद्धत महाग आणि ढिली पद्धत स्वस्त, हा उफराटा न्याय जीएसटी परिषदेनं मोडावा.

गवंड्यांचं काय, हा प्रश्न रास्त आहे. नाक्यावर उभं राहून रोज काम शोधणाऱ्याला छपराखालचं बारमाही काम, पीएफ आणि विमा मिळणार असेल, तर ते त्याच्या भल्याचंच आहे. त्यासाठी आयटीआयत प्रीकास्ट जोडणीचा अभ्यासक्रम हवा आणि आजच्या गवंड्यांना त्यात पहिला प्रवेश हवा. त्यांना वगळून कारखाना उभा राहिला, तर ती सुधारणा म्हणता येणार नाही.

2005, 2019, 2021. तिन्ही वेळा पंचगंगेनं कोल्हापूर बुडवलं, आणि ओसरत्या पाण्यानंतर पडक्या घरांच्या माणसांना नव्या भिंतीसाठी ताटकळावं लागलं. पक्कं घर लवकर मिळणं ही या जिल्ह्याची निकड आहे.

म्हणून स्मॅक आणि गोशिमा या उद्योजकांच्या संघटना, बिल्डरांची क्रेडाई आणि जिल्हा परिषद यांनी एका टेबलावर बसावं. पॅटर्न बनवणारे हात, वेल्डर, क्रेनवाले, गुणवत्ता तपासणारे इंजिनिअर, सगळे इथेच आहेत. जिल्हा परिषदेनं पुढच्या वर्षीच्या शाळाखोल्यांचं एक टेंडर प्रीकास्टचं काढावं. सुरुवात तेवढ्यानं होईल.