व्हीयू-थ्रीचे व्हीयू-टू

हॅम रेडिओच्या परवान्याला आपल्याकडे दोन इयत्ता आहेत. खालची रिस्ट्रिक्टेड, वरची जनरल. खालच्या इयत्तेचं कॉलसाइन व्हीयू-थ्रीने सुरू होतं, वरचीचं व्हीयू-टूने. म्हणजे बढती मिळाली की आकडा घटतो. हा हिशेब सरकारी खात्यालाच सुचू शकतो.

व्हीयू-थ्री होतो तेव्हा माझा संसार दोन मीटर बँडवर, 144 ते 146 मेगाहर्ट्झमध्ये, सुखात चालला होता. हातातला हँडी, त्यावर वीतभर अँटेना. ही लहर नाकासमोर चालते. मध्ये पर्वती आली की संभाषण संपलं. सिंहगडावर चढलं तर ती लांब जाते, पण मग बोलायला दम उरत नाही.

जनरलसाठी माझ्या वेळी मोर्स लागायचा, मिनिटाला आठ शब्द. तो एकदा कानात बसला की घरात अनर्थ होतो. कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या की बायको गॅस बंद करायला हाक मारायची, आणि मी कागदावर ‘ओ’ लिहून पुढच्या अक्षराची वाट पाहत बसायचो. वरण करपलं, पण पास झालो.

मग खरी पंचाईत सुरू झाली. 300 ला मेगाहर्ट्झने भागलं की लहरीची लांबी मीटरमध्ये येते. सात मेगाहर्ट्झच्या चाळीस मीटर बँडला अर्ध्या लहरीची, म्हणजे साधारण वीस मीटरची तार हवी. ती मी सोसायटीच्या गच्चीवर ताणली. दुसऱ्या दिवशी एसडब्ल्यूआरचा, म्हणजे तारेकडून किती लहर परत फिरते ते सांगणारा, काटा वेड्यासारखा वर चढला. जाऊन पाहतो तर तारेवर तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींच्या ओल्या साड्या. “भावजी, दोरी छान उंचावर बांधलीत हो!”

साड्यांवर तोडगा निघाला. सूर्यावर निघत नाही. दिवसा आयनांबराचा खालचा ‘डी’ थर चाळीस मीटरची लहर गिळत असतो, त्यामुळे गप्पा शेजारच्या राज्यांपर्यंतच. रात्री तो थर विरतो, वरच्या ‘एफ’ थरावरून लहर उसळी घेते आणि युरोप घरात येतो, नेमका घरचे झोपल्यावर. वीस मीटर बँड दिवसा चालतो, पण तो जवळच्यांना ओळख देत नाही. त्याची लहर डोक्यावरून निघून जाते आणि थेट परदेशात उतरते. इटलीतला गृहस्थ मला ‘फाइव्ह-नाइन’, म्हणजे खणखणीत ऐकू येतंय, असा दाखला देतो आणि लगेच माझं नाव पुन्हा विचारतो. तेवढ्यात दादरचा मित्र फोन करतो, “आज सेट बंद का रे?” त्यातून सौरडागांचं चक्र अकरा वर्षांचं. मंदीच्या वर्षांत वरचे बँड ओस पडतात. तक्रार करायला खिडकी नाही.

तरीही हा नाद लावून घ्यावा असाच आहे. बारा वर्षं पूर्ण झाली की कुणालाही परीक्षा देता येते. त्यासाठी अर्ज दूरसंचार विभागाकडे करा. गच्चीसाठी मात्र सोसायटीच्या सेक्रेटरींकडे करा, आणि तो आधी करा.