बोनसपंत

सोसायटीच्या पार्किंगमध्ये सकाळी मागच्या बंपरपाशी उकिडवा बसून, चष्मा कपाळावर सरकवून, ओरखड्यावर थुंकीचं बोट फिरवणारा गृहस्थ दिसला की तो बोनसपंत समजावा. ही एक व्यक्ती नव्हे, जमात आहे. रात्री कोणीतरी रिव्हर्स घेताना पंतांच्या उभ्या गाडीला ठोकून गेलेलं असतं. वॉचमनने काही पाहिलेलं नसतं आणि सीसीटीव्ही मन लावून पाण्याची टाकी टिपत असतो. पंतांकडे फर्स्ट पार्टी पॉलिसी असते, प्रीमियम मुदतीआधीच भरलेला असतो, तरीही ते क्लेम टाकत नाहीत. रबिंग कंपाउंड, जुनं बनियन आणि रंगाशी साधारण जुळणारी नेलपॉलिश एवढ्यावर ते भागवतात. शेजारी त्यांना चिक्कू म्हणतात, आणि तिथेच शेजाऱ्यांचं चुकतं. पॉलिसी शेवटच्या पानापर्यंत वाचलेला त्या पार्किंगमधला तो एकटाच माणूस असतो.

पंतांचं काळीज नो क्लेम बोनसमध्ये गुंतलेलं असतं. पहिलं वर्ष क्लेमविना गेलं की ओन डॅमेजच्या प्रीमियमवर २० टक्के सूट मिळते, मग २५, ३५, ४५ आणि शेवटी ५० टक्के. मुलाचे दहावीचे टक्के त्यांच्या लक्षात नसतात, पण हे टक्के झोपेतून उठवून विचारले तरी ते सांगतील. आता त्यांचा हिशेब तपासून पाहू. समजा, ओन डॅमेजचा मूळ प्रीमियम १२,००० रुपये आहे आणि पंत ५० टक्क्यांवर पोचल्याने ६,००० भरतात. गॅरेजवाल्याने ७,००० सांगितले : बंपरचे ४,०००, बाकी रंग आणि मजुरी. साध्या पॉलिसीत प्लास्टिकच्या भागावर निम्मा घसारा कापला जातो, म्हणजे २,००० गेले. पंधराशे सीसीपर्यंतच्या गाडीला प्रत्येक क्लेममागे पहिले १,००० मालकाने सोसायचे, तेही गेले. रंगाच्या सामानावरही थोडी कात्री लागते. हाती येतात चार हजारांच्या आतच. उलट क्लेम घेताच बोनस शून्यावर येतो. पुढच्या नूतनीकरणाला ६,००० जास्त, त्यानंतर क्रमाने ३,६००, ३,०००, १,८०० आणि ६०० जास्त, म्हणजे एकूण १५,०००. गाडीची किंमत दरवर्षी उतरते, त्यामुळे प्रत्यक्षात आकडा थोडा कमी भरेल, पण पारडं फिरत नाही. चार हजारांसाठी पंधरा हजार घालवायला नकार देणाऱ्याला चिक्कू म्हणायचं, तर शहाणा कोणाला म्हणायचं?

यावर शेजाऱ्यांचा ठरलेला सवाल असतो, ‘मग विमा उतरवला कशाला?’ पंतांचं उत्तर तयार असतं : गाडी चोरीला गेली, पुरात बुडाली, झाड पडून चेपली तर. किरकोळ खर्च खिशातून आणि मोठा घाव कंपनीवर, हे विम्याचं जुनंच तत्त्व आहे. दुसरा हुशार म्हणतो, बोनस वाचवणारं ॲड-ऑन घ्या की. म्हणजे गाडीचा विमा, आणि त्या विम्यावरच्या सुटीचाही विमा! ज्याला वारंवार पोचे पडतात त्याला ते परवडतही असेल. पंत मात्र गाडी खांबापासून वीतभर अंतरावर लावतात, भिंतीला जुना टायर टांगतात आणि उतरल्यावर दोन्ही आरसे मिटवून एकदा मागे वळून बघतात. तिसरा आक्षेप वजनदार आहे : ठोकणाऱ्याच्या थर्ड पार्टी विम्यातून घ्या. हक्क खरा आहे. पण त्यासाठी आधी ठोकणारा सापडायला हवा, मग पोलिसांत तक्रार, मग मोटार अपघात दावा न्यायाधिकरण. बंपरसाठी तारखा घेत बसण्याइतकी रजा पंतांकडे शिल्लक नसते. आणि ठोकणारा पळालाच असेल, तर सरकारची हिट अँड रन भरपाई मृत्यू आणि गंभीर दुखापत यांच्यासाठी आहे, बंपरसाठी नाही.

पंतांचा संताप वेगळ्याच गोष्टीवर असतो, आणि तो रास्त आहे. बोनस कापताना चूक कोणाची हा प्रश्न विचारला जात नाही, क्लेम झाला का एवढंच पाहिलं जातं. गाडी उभी, इंजीन बंद, मालक घरात घोरतोय, तरी शिक्षा त्यालाच. कंपनीची बाजूही अगदीच पोकळ नाही. चुकीची चौकशी सुरू केली तर राज्यातली प्रत्येक ठोकलेली गाडी ‘उभीच होती’ असं निघेल. पण जिथे फुटेज आहे, नंबर आहे, पोलिसांतली नोंद आहे, तिथे क्लेमचे पैसे दिल्यावर ठोकणाऱ्याकडून ते वसूल करण्याचा हक्क कंपनीला मिळतो. निदान अशा प्रकरणांत तरी मालकाचा बोनस शाबूत ठेवायला काय हरकत आहे?

ते होईल तेव्हा होईल. तोवर विनंती ठोकणाऱ्यांना. मोटार वाहन कायद्याचं कलम १३४ सांगतं की दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान झालं आणि जागेवर पोलीस नसेल, तर चालकाने २४ तासांच्या आत ठाण्यात कळवायचं. तेवढं करा, आणि वायपरखाली चिठ्ठीही ठेवा. फोन नंबर मात्र दहाही आकडी आणि स्वतःचाच लिहा.